परमुलखातले घर आणि भाषा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी शुद्धलेखनाचे पहिले धडे गिरवले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मिळावी, हा मी माझा गौरव समजतो. सरांनी आम्हाला गणित शिकवले. पण गणिताचे उत्तर लिहितानासुद्धा वाक्य पूर्ण असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. नुसता आकडा लिहिला तर अर्धा गुण जाई. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्यात आकडे थोडे आहेत. वाक्ये मात्र पूर्ण करण्याचा प्रयत्न करीन.

विषय आहे परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाचे रोजचे जीवन आणि त्या जीवनात भाषेचे काय होते, हा. अमेरिकेतील उंच इमारती, रुंद रस्ते आणि तेथील वैभव यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. त्यांत भर घालण्याची माझी इच्छा नाही. १९७१ साली मी कलाभवनातून अभियंता होऊन शिकागोला गेलो आणि तेथेच स्थायिक झालो. अर्धशतकाहून अधिक काळ परक्या भूमीवर घर चालवताना जे दिसले आणि जे समजले, ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण बडोद्याची मराठी माणसे परमुलखाला नवखी नाही. आपले पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर, त्यांच्या दफ्तरात, त्यांच्या देवघरात काम करण्यासाठी येथे आले. कोणी देशावरून आला, कोणी कोकणातून. रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात वाडे उठले, आणि पिढ्या लोटल्यावर आपण बडोद्याचे झालो. बाजारात गुजराती, घरात मराठी आणि दोन्हींच्या सीमेवर एक तिसरीच मिश्र बोली, अशी आपली रचना आहे. आपल्या शहराची ओळख सांगणारी सेव-उसळ पाहा. उसळ आपली, सेव त्यांची आणि चव दोघांची. परप्रांतात राहून आपलेपण कसे टिकवावे आणि शेजाऱ्याचे काय घ्यावे, याचा धडा या गावाने आपल्याला सात समुद्र ओलांडण्यापूर्वीच दिला होता.

बडोदे आणि अमेरिका यांचा संबंधही आजचा नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ आणि १९१० मध्ये अमेरिकेचा प्रवास केला. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यास बोलावून घेतले. सुमारे तीन वर्षे तो येथे राहिला आणि संस्थानातील ग्रंथालयांची घडी त्याने बसवून दिली. त्याच सुमारास, १९१३ मध्ये, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अमेरिकेतून एक माणूस आपल्याकडे ग्रंथांची व्यवस्था शिकवायला आला आणि आपल्याकडून एक तरुण तिकडे ज्ञान मिळवायला गेला. मला हा व्यवहार फार मोलाचा वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजूंनी देणेही होते आणि घेणेही होते.

त्याही आधी मराठी पावले त्या भूमीवर उमटली होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये समुद्रमार्गे गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परत आल्यावर १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला. ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना परदेशात घर दिले, त्या कुटुंबाच्या पोकिप्सी येथील दफनभूमीत त्यांच्या अस्थी आहेत. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यांनी पुढे १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. म्हणजे मराठीतून अमेरिकेचा विचार करण्याची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे.

परंतु पाहुणा म्हणून जाणे वेगळे आणि रहिवासी होणे वेगळे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस तेथील नागरिक होण्यास पात्र नाही असा निवाडा दिला. १९४६ च्या कायद्याने हे दार किंचित उघडले, पण वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांना प्रवेश. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. शिकलेल्या, कसबी माणसांना त्यात स्थान होते. आमची पिढी त्या दाराने आत गेली. आम्ही निवडले गेलो ते आमच्या पदव्यांमुळे, हे मी मुद्दाम सांगतो. कारण परदेशातील भारतीयांच्या यशाचे वर्णन करताना ही चाळणी आधीच लागली होती याचा अनेकांना विसर पडतो.

त्या काळी निघताना आठ डॉलरहून अधिक परकीय चलन सहजी हाती पडत नसे. खिशात एवढे पैसे आणि पेटीत आईने दिलेली मेतकुटाची पुडी, लोणच्याची बरणी. पुढचे सारे तिथे गेल्यावर. हरभऱ्याची डाळ मिळत नव्हती, तेव्हा अमेरिकन दुकानातील पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण शिजवून आमच्या पत्नीने पहिली होळी साजरी केली. चक्क्याच्या जागी सावर क्रीम घेऊन श्रीखंड झाले. रव्याऐवजी न्याहारीचे क्रीम ऑफ व्हीट आले आणि त्याचा उपमा झाला. पदार्थ हुबेहूब होत नसे, पण नाव तेच ठेवले जाई. परदेशातील संसाराचे हे पहिले सूत्र. सामग्री बदलते, तेव्हा नाव धरून ठेवावे लागते; कारण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते ते बहुधा नावच.

पुढे १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे दुकान निघाले आणि डाळ, पोहे, हिंग सारे मिळू लागले. तेथे मला एक गमतीचा अनुभव आला. बडोद्यात मी जन्मभर ‘मराठी’ म्हणून ओळखला गेलो होतो. त्या दुकानात मी गुजरातीत बोलू लागताच गल्ल्यावरच्या गृहस्थाने विचारले, “तमे वडोदराना?” आणि क्षणात मी त्याचा गाववाला झालो. पुण्या-मुंबईहून आलेल्या माझ्या मराठी मित्रांना ती सलगी लाभली नाही. माणूस कोणत्या गावचा, हे तो कोठे उभा आहे यावर ठरते, हे मला तेथे उमगले.

रोजच्या जीवनातील दुसरा बदल श्रमाचा. आमच्या घरात भांडी घासायला बाई होती, कपड्यांना धोबी होता. तिकडे बर्फ पडला की पहाटे उठून फावड्याने आपल्या दारापुढचा रस्ता आपणच मोकळा करायचा. कचरा आपणच उचलायचा. स्वयंपाक दोघांनी मिळून करायचा. आमच्या कार्यालयातील वरिष्ठ अधिकारी शनिवारी स्वतःच्या घराला रंग देत असत. आपल्याकडे श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहिला जातो. तिकडे त्याचा सराव होतो. हे घेण्याजोगे आहे असे मी निःसंकोचपणे म्हणतो.

पण प्रत्येक गोष्ट तितकी सरळ नसते. माझा मुलगा तेथील रीतीप्रमाणे प्रत्येक गोष्टीला ‘थँक यू’ म्हणायला शिकला. माझी आई आमच्याकडे आली, तेव्हा ती त्याला पोळी वाढी आणि तो दर वेळी आभार मानी. दोन दिवस तिने ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “अरे, मी काय परकी आहे का? आजीचे कोणी आभार मानते?” मुलगा सभ्यपणे वागत होता आणि आजी दुखावली जात होती. आपल्या घरातली कृतज्ञता शब्दांनी व्यक्त होत नाही. ताट स्वच्छ करून, पाया पडून, म्हातारपणी काठी होऊन ती व्यक्त होते. तिकडे न बोललेली कृतज्ञता म्हणजे नसलेलीच. यातील एक रीत खरी आणि दुसरी खोटी असे मी म्हणणार नाही. मात्र दोन्ही रीती एका ताटावर समोरासमोर येतात, तेव्हा मधल्या पिढीला दुभाषाचे काम करावे लागते. आम्ही आयुष्यभर ते काम केले.

आता सणांकडे वळतो. पंचांग हे स्थळावर अवलंबून असते, हे बडोद्यात असताना कधी जाणवले नव्हते. चंद्राची तिथी सर्व जगात एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते, पण सूर्योदय आणि मध्यान्ह प्रत्येक गावचे निराळे. शिकागोचे घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेअकरा तास. समजा, भाद्रपद शुद्ध चतुर्थी भारतात मंगळवारी दुपारी दोनला लागली आणि बुधवारी दुपारी तीनला संपली. बडोद्यात बुधवारच्या मध्यान्ही ती आहे, म्हणून गणपती बुधवारी बसेल. शिकागोत तीच तिथी मंगळवारी पहाटे साडेतीनला लागून बुधवारी पहाटे साडेचारला संपेल. तेथे मध्यान्हीची चतुर्थी मंगळवारची. म्हणजे आमचा गणपती तारखेने एक दिवस आधी. आणि एवढा हिशेब मांडून झाल्यावर मंडळाचा उत्सव होणार शनिवारीच, कारण सुट्टी शनिवारी आणि शाळेचे सभागृह भाड्याने मिळते तेही शनिवारी!

त्या सभागृहात कापूर पेटवला की धुराची सूचना देणारी घंटा वाजू लागते. म्हणून आरतीच्या वेळी एक जण पुठ्ठा घेऊन तिच्याखाली उभा राहतो. मूर्ती भारतातून आणलेली, म्हणून विसर्जन बादलीतल्या पाण्यात क्षणभर बुडवून. मग ती पुसून पेटीत ठेवायची ती पुढच्या वर्षापर्यंत. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे निघाला असे आपण म्हणतो, पण तेव्हा शिकागोत हाडे गोठवणारी थंडी असते आणि तिळाचा लाडू दाताने फुटत नाही. हे सारे ऐकताना हसू येते. तरीही मी सांगतो, की सणाचा अर्थ मला बडोद्यापेक्षा तेथे अधिक कळला. येथे सण आपोआप येतो. रस्ता, बाजार, शेजार सारे तो घेऊन येतात. तेथे तो आणावा लागतो. जे आणावे लागते त्याचा विचारही करावा लागतो.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर काही उपाय नव्हता. ते म्हणजे अंतर. निळे हवाई पत्र पोहोचायला दहा-बारा दिवस लागत. दूरध्वनी करायचा तर नोंदणी करून वाट पाहायची, आणि तीन मिनिटांत ‘ऐकू येते का’ यातच एक मिनिट जाई. १९७९ मध्ये माझे वडील गेले. तार मला मिळाली तेव्हा येथे अंत्यविधी होऊन गेला होता. मी पोहोचलो तो दहाव्या दिवशी. त्यानंतर आठवडाभराने शिकागोला परतलो, तर दारातील टपालात वडिलांच्या हस्ताक्षरातले पत्र पडलेले. ‘प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी,’ असे त्यात होते. परदेशी गेलेल्या माझ्या पिढीतील अनेकांच्या घरी असे एखादे पत्र असेल. आज चित्रासह बोलणे क्षणात होते, आणि ते फार चांगले झाले. पण आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवता येत नाही, ही गोष्ट तशीच आहे.

वडिलांच्या नंतर आई आमच्याकडे येऊन-जाऊन राहू लागली. तिला इंग्रजी येत नव्हते. शेजारी पोलंडहून आलेली एक वृद्ध बाई होती. तिलाही इंग्रजी बेताचेच. या दोघी मागच्या अंगणात कुंपणाशी उभ्या राहून अर्धा-अर्धा तास बोलत. आई मराठीत, ती पोलिशमध्ये. आईने तिला थालीपीठ द्यावे, तिने कोबीचे काही द्यावे. काय बोलता, असे विचारले तर आई म्हणे, “तिचाही मुलगा कामावरून उशिरा येतो.” हे तिला कसे समजले ते मी कधी विचारले नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आई घरात होती तोवर आमची दोन्ही मुले अस्खलित मराठी बोलत, कारण आजीशी दुसऱ्या कोणत्याही भाषेत बोलणे शक्यच नव्हते. १९९० मध्ये आई गेली. वर्षभराच्या आत जेवणाच्या टेबलावरची भाषा इंग्रजी झाली. तसे कोणी ठरवले नव्हते. आम्ही मराठीत विचारत असू; उत्तर इंग्रजीत येई. हळूहळू प्रश्नही इंग्रजीत येऊ लागला. आज माझ्या नातीला मराठी कळते, पण तिच्या तोंडी वाक्य येत नाही, शब्द येतात. ‘आजोबा’, ‘वरणभात’, ‘बाप्पा’, ‘शुभंकरोति’. आपले सर असते तर त्यांनी अर्धा गुण कापला असता.

हे माझ्या एकट्याच्या घरातले नाही. परक्या मुलखात गेलेल्या मराठीचा थोडा इतिहास पाहिला तर काही समजते. व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला गेले. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, आणि तंजावरी मराठी आजही काही घरांतून बोलली जाते. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर गेले. तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवले जाते, पण घरातली बोली प्रामुख्याने क्रिओल झाली. कोकणातील बेने इस्राएल समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. त्यांच्या घरांत पोहे, नारळ आणि साखर यांचा मलिदा अजून केला जातो. नव्या पिढीची भाषा मात्र हिब्रू आहे. सण टिकतो, पदार्थ टिकतो, नाव टिकते. भाषा सर्वांत आधी निसटते.

असे का होते? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे भाषेला तीन आधार लागतात. पहिला, घरात असे एक तरी माणूस, ज्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलताच येत नाही. दुसरा, त्या भाषेत भांडणारे आणि खेळणारे समवयस्क सोबती. आणि तिसरा, स्वयंपाकघराबाहेर त्या भाषेचा काही उपयोग, मग ती शाळा असो, ग्रंथालय असो, नाटक असो की कचेरी. बडोद्यात आपल्याला तिन्ही आधार लाभले. घरात आजी होती, गल्लीत सोबती होते. आणि संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते, महाराजांनी मराठीत ग्रंथ लिहवून घेतले, शाळा चालवल्या. शिकागोत आमच्यापाशी पहिला आधार तेवढा होता, आणि तो माणसाच्या आयुष्याइतकाच टिकणारा होता.

दुसरा आधार उभा करण्याचा यत्न तेथे होत आहे. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. अनेक गावांतून रविवारी मराठी शाळा भरते. मी स्वतः निवृत्तीनंतर अशा वर्गात शिकवले. तेथे मुलांना बाराखडी किती आली याला मी फारसे महत्त्व देत नाही. मधल्या सुट्टीत दोन मुले एकमेकांशी मराठीत भांडली, त्या दिवशी मात्र मला वाटले की वर्ग सार्थकी लागला.

आणि म्हणून, मंडळी, मला आपल्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो. शिकागोत जे आधार आम्हाला मुळातच नव्हते, ते बडोद्यात आज किती उरले आहेत? मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत चालले आहेत, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. आजीलाही आता इंग्रजी येते. गल्लीतील मुले वेगवेगळ्या शाळांच्या बसमधून वेगवेगळ्या दिशांना जातात. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आपणा सर्वांना आहे. पण दर्जा दिल्लीहून मिळतो. भाषा जेवणाच्या पानावर मिळते. मी इंग्रजीविरुद्ध बोलत नाही. तिच्याच जोरावर मी पन्नास वर्षे पोट भरले. एवढेच सांगतो की जे माझ्या घरात वर्षभरात घडले, ते आपल्या घरात वीस वर्षांत घडेल. वेग कमी असल्यामुळे ते दिसणार नाही, इतकेच.

यावर मोठी योजना माझ्यापाशी नाही. एक लहान सूचना आहे. या शाळेचे माजी विद्यार्थी जगभर पसरले आहेत. त्यांच्या नातवंडांना मराठी बोलायला समवयस्क हवेत, आणि शाळेतील मुलांना मराठीचा बाहेरच्या जगात उपयोग आहे हे दिसायला हवे. आठवड्यातून अर्धा तास, येथील एक मूल आणि तेथील एक मूल दूरध्वनीवर मराठीत बोलले तर दोघांनाही एक-एक आधार मिळेल. प्रारंभी अर्धी वाक्ये होतील, चुका होतील, हसूही होईल. होऊ द्यावे. माझ्या नातीचे नाव मी या यादीत पहिले लिहून देतो. तिच्याशी बोलायला येथील कोण तयार आहे, हे विद्यार्थ्यांनी आजच मुख्याध्यापकांना सांगावे, अशी माझी विनंती आहे.